चांगुणाबाईंनी लावलेला अर्थ

शकूच्या आईला अक्षर ओळखता येत नव्हतं; पण आईचा आवाज ओळखायला वस्तीत कुणाला मान वर करून बघावं लागत नसे. नाशिकरोड स्टेशनच्या मागच्या अंगाला रेल्वेतल्या आणि प्रेसमधल्या कामगारांची चाळीस घरं होती. चाळीस घरांना मिळून एक नळ. नळापासून वीसेक पावलांवर विहार. विहार म्हणजे तरी काय, चार लोखंडी खांब, वर पत्रे, समोर पितळेची लहानशी बुद्धमूर्ती आणि शेजारी बाबासाहेबांची तसबीर. दर रविवारी सकाळी आठ वाजता आणि दर पौर्णिमेला तिथं वंदना होई. चांगुणाबाई एक ओळ म्हणत आणि मागून साठ-सत्तर गळे ती उचलून धरत.

शकू पुढं आधी कामगारांच्या नाटकांतून आणि मग मोठ्या नाटक कंपन्यांतून तीस वर्षं रंगमंचावर वावरली. नुसत्या प्रवेशाला टाळी घेणारे नट तिनं जवळून पाहिले. तरी प्रवेश कसा करावा हे आपण आईकडूनच शिकलो, असं ती कुणालाही सांगते. आई कधी लगबगीनं आत यायची नाही. चपला बाहेर जोडीनं ठेवायची, पांढऱ्या लुगड्याचा पदर डोक्यावरून नीट घ्यायची, आणि पहिला शब्द उच्चारण्याआधी एकदा अगदी शेवटच्या रांगेकडं बघायची. तेवढ्यानं मांडीवरची पोरंसुद्धा गप्प व्हायची. मग आवाज निघायचा. गोड नव्हे, भरीव, किंचित खरखरीत. इतर विहारांत वंदना सरळ एका सुरात म्हणत. चांगुणाबाईंची चाल वेगळी होती. ओळ मध्येच उचल खायची आणि गोल फिरून खाली बसायची. ही चाल कुठली, असं कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "कुठली म्हणजे? माझ्या गळ्यातली."

शकूचे वडील सहादू रेल्वेत पॉइंट्समन होते, रूळ बदलून देणारे आणि गाडीला झेंडा दाखवणारे; चौथीपर्यंत शिकलेले. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर त्यांनी वंदनेची पुस्तिका आणली आणि ड्यूटीवरून आल्यावर भाकरी होईपर्यंत रोज दोन ओळी चुलीपाशी वाचून दाखवल्या. महिन्याभरात चांगुणाबाईंची पुस्तिका पाठ झाली. शब्द पाली भाषेतले. सहादूंनी वाचून दाखवले, अर्थ सांगायचं मात्र राहून गेलं. चांगुणाबाईंनी तो आपला आपण लावला.

बहात्तर सालच्या दुष्काळात त्या अर्थाचा पहिल्यांदा उपयोग झाला. नळाला दिवसातून तासभर पाणी यायचं. बायका पहाटेपासून नंबर लावायच्या. बादली, डबा, काही नसलं तर दगड. कुणाचा दगड कुणी सरकवला यावरून झिंज्या धरल्या जायच्या. एका रविवारी दोघींची तोंडं सुजलेली बघून चांगुणाबाईंनी वंदना झाल्यावर सगळ्या बायकांना खाली बसवलं आणि पंचशील समजावून सांगितलं.

पंचशिलातली पाचही वचनं 'वेरमणी' या शब्दानं पुढं सरकतात. चांगुणाबाईंच्या कानाला तो शब्द ऐकू यायचा 'वैर मनी'. मग काय, सगळं लख्ख होतं. भगवान पाच वेळा बजावून सांगतात, बायांनो, की वैर मनी धरू नका. पहिलं शील 'पाणातिपाता', म्हणजे पाण्यावरून वैर मनी धरायचं नाही. दुसरं 'अदिन्नादाना', म्हणजे दाण्यावरून धरायचं नाही. रेशनच्या रांगेत कुणाला चार दाणे जास्त मिळाले तर मिळू द्यावेत. तिसऱ्यात 'कामे' आलं, तेव्हा जावा-नणंदांनी कामावरून धरायचं नाही. चौथ्यात वाद आला, तो तर उघडच आहे. आणि पाचव्यात सुरा आली, शेवटी 'ठाना' आलं. नवरा दारू पिऊन ठाण्यात गेला तर त्याला सोडवून आणावं, पोटाला घालावं, मग चार शब्द सुनवावेत. पण वैर मनी धरायचं नाही.

बायका खो खो हसल्या आणि हसता हसता त्यांना ते पटलंही. दुसऱ्या दिवशी नळावर कुणी दगड सरकवला, की मागून कुणीतरी म्हणायचं, "पहिलं शील बरं का, बाई." दुष्काळ सरला, पण रीत राहिली. दोन वर्षं त्या नळावर हातघाईचं भांडण झालं नाही. शेजारच्या वस्तीतल्या बायका नवल करायच्या.

अशात सिंधुबाईंनी एक प्रश्न विचारला. या सिंधुबाई जिभेनं तिखट. नळावर त्यांचा नंबर नेहमी पहिला. एकदा चांगुणाबाईंनी त्यांना चार बायकांत पहिल्या शिलाची आठवण करून दिली, तेव्हा त्या कळशी कमरेवर घेऊन थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "आम्ही पाण्यावरून सोडायचं, दाण्यावरून सोडायचं. अन् सख्ख्या भावावरून कुणी सोडायचं, चांगुणाबाई? ते कितव्या शिलात येतं?"

चांगुणाबाईंनी आपला हंडा उचलला. घरी येऊन त्यांनी भरलेला हंडा उतरवला आणि तशाच भिंतीला टेकून बसल्या. शकू तेव्हा सतरा वर्षांची होती. आपल्याला एक मामा आहे एवढंच तिला माहीत होतं. त्याचं नाव घरात निघत नसे.

मामाचं नाव कोंडाजी. वणीच्या अलीकडच्या एका खेड्यात राहायचा. भाऊ-बहीण दोघंही आईकडून गाणं शिकलेले. शकूची ती आजी जात्यावर बसली की तिच्या ओव्या ऐकायला देवीच्या गडावर निघालेले यात्रेकरू वाटेत थांबत. कोंडाजी देवीच्या मेळ्यात डफ वाजवून गायचा, आणि चांगुणा लग्न होऊन नाशिकला आली तेव्हा आजीनं तिला देवीचा चांदीचा टाक दिला होता. धम्म घेतल्यावर सहादूंनी आणि चांगुणाबाईंनी घरातले सगळे देव गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडले, त्यात तो टाकही गेला. विचार करून आणि दोघांच्या मनानं. कोंडाजीला हे परस्पर कळलं. "आईचा टाक बुडवणाऱ्या बहिणीचं मला तोंड बघायचं नाही," असा निरोप आला. तरी तेही एक वेळ निवळलं असतं. पण सात वर्षांनी आजी गेली, तेव्हा त्यानं बहिणीला कळवलंच नाही. चांगुणाबाईंना ते महिन्याभरानं भाजीबाजारात कळलं, वणीच्या एका बाईकडून. टोमॅटो निवडायला घेतलेली पाटी तिथंच ठेवून त्या रिकाम्या हातानं घरी आल्या. त्या दिवसापासून भावाचं नाव बंद झालं आणि आजीकडून शिकलेली गाणीही बंद झाली.

सिंधुबाईंच्या बोलण्यानंतर आठ-दहा दिवस चांगुणाबाई स्वतःशी भांडत राहिल्या. शेवटी एकदा भाकऱ्या थापता थापता शकूला म्हणाल्या की पौर्णिमा झाली की आपण वणीला जाऊन येऊ. शकूला एवढा आनंद झाला की तिनं त्याच दिवशी शेजारणीकडून पिशवी मागून आणली. मामा मिळणार होता. आणि आईच्या कपाळावर कायम असायची ती आठी जाईल, ही आशा त्याहून मोठी होती.

पण पौर्णिमेला वेगळंच घडलं. वस्तीत रंगनाथ नावाचे एक तरुण शिक्षक राहायला आले होते. मनाचे सरळ, पालीचा अभ्यास केलेले. चांगुणाबाईंचा अर्थ ऐकून ते आधी हसले आणि मग त्यांना वाटलं, हे सांगितलं नाही तर आपलं शिक्षण काय कामाचं? वंदना संपल्यावर ते उठले आणि खडूनं फळ्यावर लिहून सगळ्यांना समजावू लागले. 'वेरमणी' म्हणजे विरत राहणं, दूर राहणं. 'पाणातिपात' म्हणजे प्राणिहिंसा. पाण्याशी त्याचा संबंध नाही. 'अदिन्नादान' म्हणजे न दिलेलं घेणं. वैराचा यात उल्लेख नाही. बोलणं नम्र होतं, प्रत्येक वाक्यात 'मावशी' होतं. पण चाळीस घरांसमोर मावशींचा चेहरा उतरायचा तो उतरला.

त्यानंतर चांगुणाबाई वंदना सांगायला उभ्या राहिल्या नाहीत. मागच्या रांगेत बसू लागल्या, तोंडातल्या तोंडात म्हणू लागल्या. वणीचा विषय निघाला तेव्हा म्हणाल्या, "भगवंतानं सांगितलं असतं तर गेले असते. त्यांनी सांगितलेलं नाही. मग मी कशाला जाऊ? त्यानं आईचं मरण लपवलं." शेजारणीची पिशवी परत गेली.

शकू वडिलांवर चिडली. तुम्ही पुस्तिका वाचायचात, तुम्हाला खरा अर्थ माहीत नव्हता का, असं तिनं विचारलं. सहादू टोपी झटकत म्हणाले, "होता की. पुस्तिकेत खाली मराठीत छापलेला आहे."

"मग सांगितलं का नाही?"

"नळावर दोन वर्षं शांतता होती. मी सिग्नल देणारा माणूस. गाडी सुरळीत चालली असताना लाल झेंडा कोण दाखवणार?"

त्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला आई गायली नाही. आणि चारच दिवसांनी नळावर दोन वर्षांनी पहिलं भांडण झालं. सिंधुबाईंनी कुणाचा तरी डबा उचलून फेकला, समोरचीनं त्यांचीच कळशी हिसकून हाणली, सिंधुबाईंच्या कपाळाला खोक पडली. 'वैर मनी' काही खरं नव्हतं म्हणे, हे दोन्ही बाजूंनी ओरडून झालं. दुपारी सिंधुबाई कपाळावर हळद दाबलेली, हातात चेमटलेली कळशी, अशा चांगुणाबाईंच्या दारात आल्या आणि उंबऱ्यावरच बसल्या.

"चुकीचा का असेना, तुमचाच अर्थ बरा होता," त्या म्हणाल्या. "परत सांगायला लागा."

चांगुणाबाईंनी ती कळशी हातात घेऊन फिरवून पाहिली. पाच जणांच्या घरात एकच कळशी, आणि तिचा पार चेंदामेंदा. मग त्या म्हणाल्या, "सांगायला तोंड पाहिजे, सिंधुबाई. तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर अजून माझ्याकडं नाही. आधी वणीला जाऊन येते."

शनिवारी सकाळी मायलेकी नाशिकच्या स्टॅण्डवर आल्या. चैत्राची यात्रा भरलेली. वणीची एसटी म्हणजे उभ्यानं जत्राच. कंडक्टरनं विचारलं, गडावर का? आई म्हणाली, नाही, भावाकडं. दिंडोरी मागं पडली तशी मागच्या बाकावरच्या बायकांनी देवीची गाणी सुरू केली. आई ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर द्राक्षाचे मळे बघत होती. शकूनं खाली पाहिलं तर आईच्या पायाचा अंगठा चपलेत अचूक ताल धरून होता.

कोंडाजी घरापुढच्या बाभळीखाली घायपाताचा दोर वळत बसला होता. डोक्याचे केस पिकलेले, एका डोळ्यात सारा पडलेला. दोघी समोर येऊन उभ्या राहिल्या तरी तो उठला नाही. त्याची बायको भागीबाई घरातून धावत आली.

"अवं, वन्सं आल्यात. उठा की."

"दिसतंय मला. एक डोळा हाय अजून," तो म्हणाला. मग बायकोला म्हणाला, "पानी दे त्यांना."

'त्यांना' म्हणाला. शकूनं मागं वळून रस्त्याकडं पाहिलं. आता आई पाठ फिरवणार, पुढची एसटी पकडणार, आणि मग या जन्मात पुन्हा इकडं यायचं नाव नाही. आई पाणी प्यायली. पदरानं तोंड पुसलं. दोर वळायचा तर दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. कोंडाजीनं ते टोक बाभळीच्या खुंटाला अडकवलं होतं. आईनं ते सोडवून हातात घेतलं, पाय रोवून बसली आणि पीळ द्यायला लागली. लहानपणी त्यांच्या घरी हेच काम होतं. तो तिकडून, ती इकडून. दोर हातभर झाला, वावभर झाला. भागीबाई आणि शकू दारात उभ्या.

दोर पुरा होत आला तेव्हा कोंडाजी मान खाली घालूनच बोलला. "आई गेली तवा मी सांगावा धाडला नाय."

"ठाऊक हाय मला."

"ते ठाऊक असंल. हे नसंल. तिनं दोनदा तुझं नाव घेतलं. मी म्हनलं, उद्या धाडू. रागात होतो. उद्याच्याला ती नव्हती. मग कोन्च्या तोंडानं धाडू? तवापासून डफ खुंटीला हाय. हात लावला नाय."

आईचे हात थांबले. शकूला वाटलं, आता दोर तुटणार. आईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आवाज नेहमीसारखाच भरीव होता. "एवढं सांगायला बारा वर्षं लागली व्हय रे, दादा?"

"तुला ऐकायला यायला बी बाराच लागली की, चांगुणे."

भागीबाईला हसू फुटलं. तिनं पदर तोंडाला लावला, पण उपयोग झाला नाही. मग शकूही हसली. मग आईनं स्पष्टच सांगितलं. टाक गंगेत सोडला, त्याबद्दल ती माफी मागणार नव्हती. पण तो त्यांच्या आईचा होता, भावाला आधी विचारायला हवं होतं, तेवढं तिचं चुकलं. कोंडाजीनं मान हलवली. घरात जाताना देव्हारा समोर आला तेव्हा आई उंबऱ्यात अडखळली. तो म्हणाला, "ये आत. तू हात जोडू नको, मी जोडायला सांगनार नाय." ती म्हणाली, "अन् मी तुला सोडायला सांगणार नाही." आणि आत जाऊन चुलीपाशी बसली, भागीबाईचं सोलायच्या लसणाचं सूप पुढं ओढून.

दुसरा दिवस रविवार. आठ वाजता आईनं सवयीनं अंगणात पूर्वेकडं तोंड केलं, पदर घेतला, आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा मोकळ्या गळ्यानं वंदना म्हटली. कोंडाजी दगडावर बसून दात घासत होता. पहिल्या दोन ओळी झाल्या आणि त्याचा हात तोंडातच राहिला. पंचशील सुरू झालं तेव्हा चूळ भरायचं विसरून तो उठून जवळ आला. संपल्यावर त्यानं विचारलं, "ही चाल तुला कुनी दिली?"

"कुणी नाही. माझ्याच गळ्यातली."

"अगं येडे, ही आईची दळनाची चाल. ओवी उचलायची अन् जात्याचा फेरा संपला की खाली बसवायची. शब्द तेवढे तुझ्या बुद्धाचे."

आई अंगणातच खाली बसली. रागाच्या भरात आपल्या आईची सगळी गाणी टाकून दिली असं तिला बारा वर्षं वाटत होतं, आणि त्या सगळ्या वर्षांत तिनं आईची एक चाल दर रविवारी साठ-सत्तर माणसांकडून म्हणवून घेतली होती. शकू सांगते की आई तेव्हा रडली नाही. पाठीवरचा भारा कुणी मागून अलगद उचलावा आणि माणसानं नुसतं सरळ व्हावं, तशी ती सरळ झाली. आणि मग तिनं भावाला तोंड धुऊन यायला सांगितलं.

पुढच्या रविवारी चांगुणाबाई विहारात परत पुढं उभ्या राहिल्या. रंगनाथ गुरुजींनी स्वतः होऊन माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी मागू दिली नाही. तुम्ही खरं तेच सांगितलंत, म्हणाल्या. मग दोघांनी एक वाटणी करून घेतली. वंदना झाली की आधी गुरुजी खरा अर्थ सांगत आणि मागून चांगुणाबाई उपयोगाचा. सिंधुबाई दोन्ही ऐकत आणि नळावर तरीही पहिला नंबर लावत.

एकोणऐंशी साली कधीतरी गुरुजी सायकल भिंतीला आपटून धापा टाकत घरी आले. एका भिक्खूंकडून त्यांना कळलं होतं की जुन्या टीकाकारांनी 'वेरमणी'ची फोड करताना वैराला चिरडून टाकणारी ती वेरमणी, असंही म्हटलं आहे. म्हणजे मावशी अगदीच चुकल्या नव्हत्या. गुरुजींचा चेहरा नुसता फुलला होता. आईनं त्यांना बसवलं, चहा दिला आणि म्हणाली, "बरं झालं, तेव्हा माहीत नव्हतं. नाहीतर भगवंतानं सांगितलं म्हणून गेले असते. माझी मी गेले, ते चांगलं झालं."

वणीचं येणंजाणं सुरू झालं ते थांबलं नाही. कोंडाजीनं खुंटीवरचा डफ काढला. शकूच्या पहिल्या नाटकाला तो पुढच्या रांगेत बसून होता, आणि भाचीला खलनायक दम देतो म्हटल्यावर उभं राहून त्याला आवाज द्यायला लागला, तेव्हा सहादूंनी त्याला सदऱ्याला धरून खाली बसवलं.

शहाऐंशी सालच्या थंडीत आई अंथरुणाला खिळली. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी बाहेर येऊन मान हलवली, तशी शकू आधी तारघरात गेली. कुणाला कळवायचं हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. तार गेली, आणि मग दोन दिवस तिच्या डोळ्याला डोळा नाही. तार पोहोचली असेल का, एसटी मिळाली असेल का, मामाचा तो दुसरा डोळाही आता गेलेला. आजीच्या वेळचा तो 'उद्या' तिच्या मानेवर बसला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी भागीबाईच्या हाताला धरून कोंडाजी दारात उभा राहिला. खांद्यावर कांद्याची पिशवी. चाचपडत आत गेला, बहिणीच्या उशाशी बसला. आई त्यानंतर अकरा दिवस होती, आणि तो तिथून हलला नाही. पण शकूला आठवते ती पहिलीच दुपार. ती बाहेरच्या खोलीत चटईवर बसली होती. आतून आवाज येत होता.

"चहात साखर नाय घातली व्हय?"

"तुझ्या वाट्याची बारा वर्षांत खाऊन टाकली मी."

"आजारी मानसानं एवढं बोलू नये."

"मग तू बोल की. पन खरं बोल. ती कैरी मी नव्हती चोरली, तू चोरली होतीस."

"आईला इचार."

"आईनं तुलाच मारलं होतं."

त्या दोघांचं भांडण ऐकता ऐकता शकूचं डोकं भिंतीला टेकलं, आणि भर दुपारी, दारं-खिडक्या सताड उघड्या असताना, तिला गाढ झोप लागली.